दोन लहान पानं

"कावळ्यांनासुद्धा आता लिफ्ट लागते मेल्यांना," ललिताबाई खिडकीच्या जाळीशी तोंड नेऊन पुटपुटल्या. सुचित्राला ते ऐकू आलं, कारण तिचं कोपर सासूबाईंच्या कोपराला टेकलेलं होतं. चौदाव्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात दोन बायका उभ्या राहिल्या की तिसरीनं दारातूनच बोलायचं, अशी सोय बिल्डरनेच करून ठेवली होती.

तक्रार खरी होती. लालबागला याच जागी जुनी चाळ उभी होती तेव्हा गॅलरीच्या कठड्यावर पान ठेवून हात मागे घेईपर्यंत कावळा हजर व्हायचा. आता चाळीचा टॉवर झाला, कबुतरांपायी खिडक्यांना जाळ्या लागल्या, आणि पितरांना जेवायचं तर गच्चीवर. गच्चीला कुलूप, आणि किल्ली वॉचमन बाबुरावांकडे. म्हणजे सर्वपित्रीला पूर्वजांनी यायचं तर आधी बाबुरावांना फोन.

आज घरचा म्हाळ होता. सासऱ्यांना, माधवरावांना, जाऊन काही वर्षं झाली होती. वडे तळून झाले होते, काळ्या वाटाण्याचं सांबारं उकळत होतं, खीर निवत ठेवली होती. सुचित्रानं ऑफिसात रजा टाकली होती. लोअर परळच्या त्या काचेच्या इमारतीतल्या तिच्या साहेबाला म्हाळ म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण फॅमिली फंक्शन म्हटल्यावर त्यानं अभिनंदन केलं होतं.

"पानं काप गो," ललिताबाई मागे न बघता म्हणाल्या. "एक मोठं. आणि दोन लहान."

सुचित्रानं केळीचं पान ओट्यावर पसरलं, मोठं कापलं, मग एक लहान कापलं, तळहाताएवढं. दुसऱ्याला सुरी लावताना तिचा हात थांबला.

लहान पान तिला नवं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून प्रत्येक म्हाळाला ती ते बघत होती. मोठ्या पानावर सगळा स्वयंपाक, आणि त्याच्या बाजूला एक लहान पान, त्यावर नुसता दूधभात. मीठसुद्धा नाही. पहिल्या वर्षी तिनं नवऱ्याला, अवधूतला, विचारलं होतं. तो म्हणाला, आई ठेवते. विजेचं मीटर जिन्याखाली का बसवलं असं विचारलं असतं तरी तो याच सुरात म्हणाला असता, बसवलंय. मग तिनं सासूबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, असतं आमच्यात. सुचित्रानं मान डोलावली. घराघराची एकेक तऱ्हा असते. तिच्या माहेरी देवगडला विहिरीसाठी विडा वेगळा काढतात, आणि तो का, हे विहिरीलाही माहीत नसेल.

पण या वर्षी दोन.

दुसरं कुणाचं, हे तिला विचारावं लागलं नाही. ते तिचं होतं. गेल्या मार्गशीर्षातलं. परळच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी पडद्याची मान स्वतःच्या बाजूला वळवून घेतली, त्या दिवसातलं. बाळाच्या पाठीचा कणा बंद झालेला नव्हता, डोक्याकडेही काही धड जुळलेलं नव्हतं. ते जगणार नाही, असं तीन डॉक्टरांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. मग जे करावं लागतं ते करावं लागलं. घरात त्याला 'ते मधलं' असं नाव पडलं. ते मधलं झालं तेव्हा. त्या मधल्यानंतर. मुलगा होता की मुलगी, हेही कुणी विचारलं नाही, आणि सुचित्रानं आपणहून सांगितलं नाही.

त्यामुळे सासूबाईंनी दोन म्हटल्यावर आधी तिला त्यांच्याबद्दल मायाच वाटली. या बाईनं वर्षभर तोंडातून शब्द काढला नाही, पण मोजलं. माझं मोजलं. ती सुरी धरून तशीच उभी राहिली, आणि सांबाऱ्याचा बुडबुडा फुटून तिच्या मनगटावर उडाला तेव्हा भानावर आली.

आणि मग तिच्या डोक्यात सरळ साधा हिशेब झाला. दुसरं माझं, तर पहिलं कुणाचं?

तिनं सासूबाईंच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ खीर ढवळत होती.

राग कसा येतो, तर एकदम येत नाही. तो आधी आठवणी गोळा करतो. सुचित्राच्या रागानं पहिली आठवण उचलली ती दादरच्या दवाखान्यातली. मूल हवं असं ठरल्यावर ती आधी डॉक्टरीणबाईंकडे गेली होती, कारण ती फ्रिजसुद्धा पुस्तिका वाचल्याशिवाय चालू न करणाऱ्यातली. बाईंनी विचारलं होतं, दोन्हीकडच्या घरांत कुणाला जन्मतः मेंदूचा, मणक्याचा काही दोष? सुचित्रानं तिथूनच आईला फोन लावला. तिच्या आईनं देवगडात आपल्या दोन्ही बहिणींना आणि शेजारणीला विचारून परत फोन केला, की नाही गं बाई. अवधूतनं आपल्या आईला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे थोडा वेळ नुसता कुकर ऐकू आला. मग ललिताबाई म्हणाल्या, छे, आमच्यात असलं काही नाही.

बाईंनी सगळ्यांना देतात तीच फॉलिक अॅसिडची साधी गोळी दिली.

सगळं होऊन गेल्यावर सुचित्रानं बाईंना विचारलं होतं, आधी कळलं असतं तर काही करता आलं असतं का. बाई म्हणाल्या, घरात आधी असं झालेलं असेल तर तीच गोळी आम्ही कितीतरी जास्त ताकदीची देतो, दिवस राहण्याच्या आधीपासून. तरी खात्री नसतेच. पण तुमच्याकडे तसं काहीच नव्हतं ना.

काहीच नव्हतं ना. सुचित्रानं दुसरं लहान पान कापलं. कड वाकडी गेली.

यंदा ती आणि अवधूत पुन्हा मुलाचा विचार करत होते. मोठ्या ताकदीची गोळी आता चालूच होती. येत्या सोमवारी परळला आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. त्यांनी आधीच बजावलं होतं, की दोन्ही घरांत नीट विचारून या, कुणी राहून गेलं असेल तर आठवा. कुठल्या तपासण्या करायच्या आणि पुन्हा असं होण्याची शक्यता किती, हे त्यावरून ठरेल. आणि या प्रश्नाचं उत्तर घरात कधीचंच तयार होतं. ते कमळात्यांनी तयार केलं होतं.

कमळात्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. राहायला गिरगावात, बोलायला सगळीकडे. ते मधलं झाल्यावर त्यांनी कारणांची एक रांगच लावली होती. आधी त्या म्हणाल्या, मेट्रोच्या भुयाराचे हादरे. आमच्या गिरगावात भांडी हलायची, गर्भाचं काय घेऊन बसलात. भुयाराचं खोदकाम कधीच संपलंय असं अवधूतनं सांगितल्यावर त्या लॅपटॉपवर आल्या. पोटाशी ते गरम मशीन घेऊन बसायचं म्हणजे काय. मग ऑफिसचा एसी आला. आणि गणपतीत, मोदक वळता वळता, त्यांना अखेरचं आणि पक्कं कारण सापडलं: सुचित्राचा मावसभाऊ आनंदा. तो लंगडतो ना, म्हणाल्या. मग तिकडूनच.

आनंदा आंब्याच्या झाडावरून पडला होता. अख्ख्या देवगडानं त्याला पडताना पाहिलं होतं. सुचित्रानं हे दोनदा सांगितलं. कमळात्या म्हणाल्या, मुळात कणाच कच्चा असणार, म्हणून तर पडला.

त्या दिवशी ती तडक उठून स्वयंपाकघरात आली होती, तर मागोमाग नणंद आली, नूपुर. नूपुर परळच्या एका संशोधन संस्थेत कोंबडीच्या अंड्यांवर काम करते. अंड्याच्या कवचाला बारीक खिडकी पाडायची आणि आतल्या टिकलीएवढ्या जिवाची मज्जासंस्था कशी घडते ते बघायचं. ललिताबाई शेजारणींना सांगतात, आमची नूपुर अंडी उबवते, सरकार पगार देतं. लग्न होऊन ती माटुंग्याला गेली, पण सणाला इथेच असते.

नूपुरनं हातात करंजीची पारी घेतली आणि वहिनीला दाखवलं. सुरुवातीला असं सपाटच असतं, म्हणाली. मग दोन्ही कडा वर येतात, मधोमध चिकटतात, आणि तिथून दोन्ही टोकांकडे मिटत जातात, आपण मुरड घालतो तसं. त्याची नळी होते, त्या नळीचा मेंदू आणि कणा. हे सगळं पहिल्या महिन्यातच उरकतं, वहिनी. तुला पत्ताही नव्हता तेव्हा. तेव्हा तू लॅपटॉप पोटावर घे नाहीतर डोक्यावर.

पण कडांना कोण सांगतं वर या म्हणून, सुचित्रानं विचारलं होतं. तेव्हा नूपुर खुलली. कुणी एक सांगत नाही, म्हणाली, तीच तर गंमत. पेशी एकमेकींना सांगतात. नळीच्या खालच्या अंगाला एक दोरीसारखा धागा असतो, तो निरोप पाठवत राहतो. ऐकणारी पेशी नुसती ऐकत नाही. निरोप फार जोरात यायला लागला की ती स्वतःच कानात बोळा घालते, आणि त्या बोळ्यातच पुढे जाणारा आवाजही थोडा अडकतो. म्हणून पलीकडच्या पेशीला तो हवा तेवढाच पोचतो. एक बोलते, दुसरी त्यावर काहीतरी करते, त्यानं पहिलीचं बोलणं बदलतं. असं जाऊन-येऊन, जाऊन-येऊन सगळं प्रमाणात बसतं.

आणि शेजारणी असतात, नूपुर पुढे म्हणाली. एकसारख्या पेशी, सगळ्यांनाच मज्जापेशी व्हायचंय. त्यातली एक किंचित जोरात म्हणते, मी होते, तू थांब. जिला थांब म्हटलं तिचा आवाज त्या ऐकण्यानंच बारीक होतो, ती उलट थांब म्हणू शकत नाही. मग पहिलीचा आवाज आणखी वाढतो.

सुचित्रा म्हणाली होती, हे तर आपल्या हॉलमध्ये चाललंय.

नूपुर हसली होती. पण एक फरक आहे, म्हणाली. तिथे जिला गप्प केलं तिला टाकून देत नाहीत. ती राखीव असते. सगळ्याच एकदम मज्जापेशी झाल्या तर पुढच्या कामाला कुणी उरणार नाही, म्हणून काहींना थांबवतात. पुढे त्यांची पाळी येते.

सुचित्राला ते फार आवडलं होतं, आणि त्याहून जास्त तिला चीड आली होती. कारण हे सगळं नूपुर बोलली ती स्वयंपाकघरात, हळू आवाजात, करंजी हातात धरून. बाहेर हॉलमध्ये कमळात्या आनंदाच्या लंगडण्याचं निदान सांगत होत्या आणि परदेशातल्या सभांतून भाषणं करून आलेली ही बाई करंज्यांचं ताट घेऊन बाहेर गेली, आत्यांसमोर ठेवलं, आणि गप्प बसली.

आणि आज ही दोन पानं.

तेवढ्यात कमळात्या आल्याच. गिरगावातून टॅक्सीनं आल्या होत्या आणि टॅक्सीवाल्यावरचा राग अजून उतरला नव्हता. पाणी मागायला त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या, ओट्यावर नजर गेली, आणि पाणी मागायचं विसरल्या.

सुचित्रा पिंपातून पाणी काढायला वाकली होती. तिच्या डोक्यावरून कमळात्यांनी अगदी बारीक आवाजात भावजयीला विचारलं, की ललिता, डोकं फिरलं का तुझं, सुनेसमोर? लहानांची पानं घालतात का कुठे? एवढी वर्षं माधव होता, त्यानं चालवून घेतलं.

ललिताबाई म्हणाल्या, "वन्सं, पाणी घ्या."

सुचित्रा पेला भरून उठली तेव्हा तिचे कान तापले होते. म्हणजे आत्यांना माहीत होतं. कुणाचं पान, कशाचं, सगळं. आणि माहीत असून ही बाई वर्षभर माझ्या मावसभावाचा पाय तपासत होती. मेट्रो, लॅपटॉप, एसी, आनंदा. एकेक कारण हातात घेऊन घरभर फिरत होती, खरं कारण स्वतःच्या पदराखाली ठेवून. तिला तो पेला आत्यांच्या हातात द्यायच्याऐवजी दुसरीकडे कुठेतरी ओतावासा वाटला. तिनं तो हातात दिला. संस्कार फार वाईट.

बाबुरावांनी किल्ली आणून दिली आणि गच्चीत सांडलवंड करू नका असं सेक्रेटरीच्या वतीनं सांगून गेले. सगळे लिफ्टमध्ये शिरले. अवधूतच्या हातात मोठं पान, ललिताबाईंच्या हातात ताटलीत दोन लहान, सकाळीच माटुंग्याहून आलेल्या नूपुरकडे पाण्याचा तांब्या, आणि दाराशी कमळात्या. लिफ्टचं दार मिटलं आणि सुचित्रानं विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता:

"आई, यातलं पहिलं पान कुणाचं?"

लिफ्टमध्ये माणसं आकडे का बघतात, ते तिला त्या दिवशी कळलं. पंधरा. सोळा. अवधूत आकडे बघत होता. ललिताबाई दूधभात बघत होत्या. नूपुर एकदा आईकडे, एकदा वहिनीकडे बघत होती, आणि तिच्या कपाळाला बारीक आठी पडली होती. कमळात्या म्हणाल्या, पितरांचं अन्न हातात असताना बोलू नये. हा नियम सुचित्रानं आधी कधी ऐकला नव्हता. बहुधा सतराव्या मजल्याला तयार झाला असावा.

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. चारी बाजूंना टॉवर, त्यांच्या फटीतून गिरणीची एक जुनी चिमणी. अवधूतनं कठड्यावर मोठं पान मांडलं, ललिताबाईंनी त्याच्या बाजूला दोन लहान मांडली, पाणी फिरवलं, आणि सगळे मागे सरून टाकीच्या सावलीत उभे राहिले. कावळे आले. एवढ्या उंच आले म्हणून ललिताबाईंना बरं वाटलं असावं. माधवराव आयुष्यभर गिरणीच्या भोंग्यावर जेवले होते; त्यांच्या पानावरचा वडा पहिल्या मिनिटातच गेला.

लहान पानांना मात्र कावळा शिवेना. एक आला, दूधभाताभोवती फिरला, मान वाकडी करून बघितलं, आणि परत वड्यांकडे गेला.

कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, ही या घरची रीत. आणि शिवेनासा झाला तर गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून मोठ्यांनी मोठ्यानं शब्द द्यायचा. सासऱ्यांच्या दहाव्याला असाच खोळंबा झाला होता, तेव्हा अवधूतनं आईला कधी एकटं टाकणार नाही म्हटलं आणि कावळा उतरला. त्यामुळे आता सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शब्द द्यायचा, पण कुणाला?

कमळात्यांनी पुढाकार घेतला. पदर सारखा करून त्या कठड्याकडे बघत म्हणाल्या, की पुढच्या वर्षी घरात पाळणा हलेल, वंश चालेल, काळजी नको. कावळा आला नाही. अवधूत म्हणाला, आम्ही सुखात राहू. हे तर कुठल्याही पानाला चाललं असतं. कावळ्यालाही तसंच वाटलं असावं.

नूपुर पुटपुटली, की मिळमिळीत भातापेक्षा तळलेलं कुणालाही आवडतं, यात अडकलंय-बिडकलंय काही नाही. ऊन वाढत होतं. कमळात्यांना दोन वाजता औषध घ्यायचं होतं. त्या वैतागून म्हणाल्या, "त्या लहान पानावर वड्याचा तुकडा ठेव रे अवधूत. येईल लगेच. उगीच ताटकळायला लावलंय."

अवधूत वाकला. ललिताबाईंनी त्याचा हात धरला.

"वडा नको," त्या म्हणाल्या. "तिला दात कुठे होते."

गच्चीवर एकदम पाण्याच्या टाकीचा गुळगुळ आवाज ऐकू यायला लागला. तो आधीपासून येतच असणार.

"कुणाला?" सुचित्रानं विचारलं.

कमळात्या म्हणाल्या, जेवायला चला, कावळा काय नंतर येईल.

"आत्या, तुम्ही थांबा," सुचित्रा म्हणाली. आत्यांना कुणी थांबा म्हणण्याची ही या घरातली पहिली वेळ असावी, कारण त्या खरोखरच थांबल्या. "आई, मी तुम्हाला विचारतेय. दादरच्या बाईंनी विचारलं होतं तेव्हा फोन स्पीकरवर होता. तुम्ही म्हणालात, छे. मी त्या छेवर गोळी घेतली. त्या छेवर वर्षभर इथे माझ्या माहेरचे पाय मोजले जातायत आणि तुम्ही वाढताय, उष्टी काढताय, ऐकताय. सोमवारी मला पुन्हा तेच विचारणार आहेत. मी काय सांगू?"

ललिताबाईंच्या हातात रिकामी ताटली होती. त्या ती पदरानं पुसत होत्या, आणि ती कधीची कोरडी झाली होती.

उत्तर कमळात्यांनी दिलं. त्या वेळी आमच्या आईनं सांगितलं होतं, विषय बंद म्हणून. आणि तो बंद झाला. बंद झाला म्हणून तर पुढचं सगळं नीट झालं, अवधूत झाला, नूपुर झाली. नाहीतर ही रडत बसली असती जन्मभर. लोकांना कळलं असतं तर नूपुरला स्थळं आली असती का?

"आत्या," नूपुर म्हणाली, आणि तिचा आवाज स्वयंपाकघरातला नव्हता, "मी रोज तेच बघते. रोज. कुठल्या अंड्यात नळी मिटली आणि कुठल्यात उघडी राहिली. आणि माझ्या घरात..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि आईकडे वळली. "आई, मला मूल हवं असतं तर? मलाही छेच म्हणाली असतीस?"

अवधूत लहान पानाकडे बघत होता, आणि इतकी वर्षं ते आपल्या डोळ्यांसमोर कठड्यावर ठेवलं जात असूनही आज पहिल्यांदा बघत असल्यासारखा बघत होता.

सुचित्राचा राग ओसरला नव्हता. तिला वाटलं होतं समोरची बाई रडेल, मग आपल्यालाच तिला धरावं लागेल, आणि धरलं की सगळं मिटलं असं धरून सगळे खाली जेवायला जातील. तिनं ठरवलं, धरायचं नाही. ती टाकीला पाठ टेकून उभी राहिली. पण ललिताबाई रडल्या नाहीत. त्यांनी ताटली नूपुरच्या हातात दिली, उन्हात गेल्या, कठड्याशी उभ्या राहिल्या, आणि सुचित्राशी नाही, अवधूतशी नाही, त्या दोन पानांतल्या पहिल्याशी बोलल्या. घरच्या रीतीप्रमाणे, मोठ्यानं.

"ऐक गो," त्या म्हणाल्या. "तू झाली होतीस. अवधूतच्या आधी. तुझी पाठ उघडी होती, मी बघितली, मला दाखवू नका म्हणत होते तरी बघितली. एक रात्र होतीस. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. सोमवारी मी हिच्याबरोबर जाते आणि डॉक्टरांना सांगते, की हे आमच्याकडे आधी झालं होतं, हिच्या माहेरी नाही. हिनं काही केलं नव्हतं." त्यांनी शेजारच्या दुसऱ्या पानाची वाकडी कड बोटानं सरळ केली. "आणि मीही काही केलं नव्हतं."